देवाच्या नावानं घेतलेला डबा

३ डिसेंबर, मंगळवार

नात गार्गी बास गिटार वाजवते. चार तारा, जाड. घूं घूं आवाज. कॉलेजात चार पोरींचा बँड आहे, वीस तारखेले गॅदरिंग. त्यांची म्होरकी सोनिका म्हणे, स्वतःचा अ‍ॅम्प आण, नाईतर खाली बस. अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करायचा डबा, स्पीकरसकट. हॉलमधले स्पीकर गाणाऱ्यांचे, बास त्यात निघत नाई म्हणे.

मुकुंदनं, म्हणजे तिच्या बापानं, हात वर केले. मी म्हटलं, सेकंडहँड मी आणतो. बारा हजारात, माझ्या पेन्शनीतून. पोरगी म्हणे, आबा, बासचाच पाहिजे, अन् अ‍ॅक्टिवावर पायाजवळ मावला पाहिजे. म्हटलं, जिंदगीभर हिंगण्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं, मले माल नको शिकवू.

बायको नीला म्हणे, पोरीले संग न्या. नाई नेणार. वस्तू दिसली की पोरीचे डोळे चमकतात, अन् दुकानदार डोळे पाहून भाव सांगते.

संकल्प: गरज दाखवायची नाई. कशासाठी पाहिजे ते तर मुळीच सांगायचं नाई.

५ डिसेंबर, गुरुवार

फत्ते!

इतवारीत भैय्याजीचं जुन्या साउंडचं दुकान. कपाळावर टिळा, गल्ल्यावर हनुमानाचा फोटो. फोटो पाहिला अन् डोकं चाललं. म्हटलं, आमच्या ले-आउटच्या हनुमान मंदिरात भजनासाठी पाहिजे. (मंदिरात भजन होत नाई. पुजारी असते अन् एक कुत्रा.) भैय्याजीनं नाव इचारलं, हात जोडले. म्हणे, गिरिधरबाबू, देवाच्या कामात मी नफा नाई घेत.

मंग जराशी अडचण झाली. फळीवर एक छोटा डबा दिसला. हँडलवाला, पिठाच्या डब्याएवढा. मी उचलून पाहिला. एका हातानं उचलला. भैय्याजी म्हणे, तो नका घेऊ बाबूजी, तो बास गिटारचा आहे. कॉलेजची पोरं गाडीवर नेतात. भजनाले काय कामाचा? भाव अकरा हजार.

भजन सांगून बसलो होतो. म्हटलं, बरोबर आहे, आपल्याले काय करायचं गिटार-फिटार. ठेवून दिला.

मोठा काळा घेतला. आठ हजार, माइक फुकट. म्हणजे फायदाच. स्पीकर शेवटी स्पीकर असते. बासचाच पाहिजे, हे पोरीचं उगाच नाटक आहे.

ऑटोत मावला नाई. मालाची रिक्षा करावी लागली.

६ डिसेंबर, शुक्रवार

डबा जिन्यावरून चढवायले मी, मुकुंद अन् खालचा दुर्गेश. मुकुंद म्हणे, बाबा, काळी मारबत काहून आणली घरात? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत तिचा मोठा पुतळा निघते, तेवढीच आहे. दुर्गेश जिन्यातच मिरवणुकीसारखा बोंबलला, घेऊन जा गे मारबत! दोघंही मूर्ख.

गार्गी नाई हसली. म्हणाली, छान आहे आबा. तिनं तार छेडली. डबा फर्रर्र केला. स्वयंपाकघरात ताटं वाजली. नीला बाहेर आली, म्हणे, अहो, काय फाटून राहिलं? म्हटलं, हाच बास असते वं, तुले काय समजते. गार्गी हळूच म्हणाली, आबा, हा गाण्याचा आहे. म्हटलं, वाजवून वाजवून मोकळा होईल. खाली चाकं लावून देतो.

जेवली कमी. आजकालच्या पोरी डाएट करतात.

९ डिसेंबर, सोमवार

बदलायले गेलतो. तयारी पक्की. म्हणायचं, मंदिराले दुसऱ्या कोणीतरी डबा दान दिला. तोंड उघडायच्या आत भैय्याजीनं खुर्ची सरकवली, चहा मागवला. बायकोले आवाज दिला, देवकी, हेच ते भजनवाले बाबूजी! बाई येऊन पाया पडल्या. एकशेएक रुपये हातात दिले, देवापुढं ठेवा म्हणे. भैय्याजी म्हणे, शनिवारी आम्ही दोघं येतो. दर्शन बी होईल अन् आवाज बी सेट करून देतो.

मी म्हटलं, या या.

छोटा डबा फळीवरच होता. धूळ बसली होती. रुमालानं पुसली. काहून पुसली माहीत नाई.

११ डिसेंबर, बुधवार

आज सांगूनच टाकायचं ठरवलं. मर्दासारखं. दुकानापर्यंत गेलो. भैय्याजी फोटोले हार घालून राहिले होते. समोरच्या दुकानातून पाव किलो चिवडा घेतला अन् परत आलो.

चिवडा सादळला होता.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सोनिकानं कीबोर्डवाली पोरगी घेतली. ती डाव्या हातानंच बास वाजवते म्हणे. गार्गी बँडच्या बाहेर. मले नीलानं सांगतलं, गार्गीनं नाई. गिटार खोळीत घालून कपाटावर ठेवली म्हणे. अन् वरून मले इचारते, अहो, तुम्ही पोरीसाठी गेलते का देवासाठी?

म्हटलं, तू चूप बस वं. पण आवाज बरोबर निघाला नाई.

संध्याकाळी भजन मंडळ उभं केलं. मी, दुर्गेश अन् पुजारी. दुर्गेशले टाळ येत नाई. मले भजन येत नाई. पुजाऱ्याले खोकला आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

भैय्याजी आले. जोडीनं, पेढे घेऊन. डबा मंदिरात मस्त वाजला. वाजेलच, भजनाचाच आहे. मले आरती अर्धी येते. तीच चारदा म्हटली. देवकीबाईनं डोळे पुसले. एकशेएक रुपये देवापुढं ठेवले, तेवढा खिसा हलका झाला.

डब्याची एक बाजू धरून गार्गी आली होती. वायरी तीच जोडून राहिली होती. भैय्याजी म्हणे, बेटा, तुले येते हे सगळं? ती म्हणाली, मी बास वाजवत होती. भैय्याजीनं कपाळाले हात लावला. अरे! कालच बासचा छोटा डबा विकला ना मी, अकरा हजारात. बाबूजीनं तर उचलून बी पाहिला होता!

गार्गीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात माइक होता. पाचव्यांदा आरती सुरू केली.

घरी येताना म्हटलं, बेटा, मले नीट दिसलंच नाई तो कोणता डबा आहे. नजर कमजोर झाली आता. ती म्हणाली, हो आबा.

भैय्याजी जाताना सांगून गेले, आता दर शनिवारी येऊ.

२० डिसेंबर, शुक्रवार

गॅदरिंग. गार्गी गेली. खुर्चीत बसून पाहायले.

परत आली तेव्हा मी दारातच होतो. सांगतलं तिले. भजनाची थाप, हातात घेऊन ठेवून दिलेला डबा, नजरेचं. मले वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, नजरेचं खोटं माहीत होतं आबा. आरती म्हणताना भैय्याजीचा चेहरा पाहून राहिले होते तुम्ही, सभामंडपाच्या दुसऱ्या टोकावरून.

इचारलं, बँड कसा वाजला?

म्हणे, बास ऐकूच नाई आला.

उद्या शनिवार. डबा मंदिरात न्यायचा आहे. एक बाजू मी धरते म्हणाली.