पटावरचं दहावं नाव

दि. ९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण शाळेपर्यंत पोचवतो. शाळेचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. आता त्याखाली बसायला मुलं हवीत.

पहिलीत यंदा कोणी नाही. दुसरीत दोघी, तिसरीत तिघं, चौथीत चौघं. ती वर्ष संपलं की जातील. पाच वर्षांखालचा गावात एकटा दुकानदाराचा नातू, आणि त्याचे आईबाप शहरात खोली बघून आलेत. पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद, हे तुला ठाऊक आहे.

मोजलंस तर नऊच होतात. दहावी तुझी चिमणी.

तुम्ही शहरात गेल्यापासून तिच्या दाखल्यासाठी तीनदा विचारलंस. मी कधी शिक्का हरवला म्हटलं, कधी टपालात टाकलाय म्हटलं. शिक्का टेबलावरच आहे रे. दाखला मी लिहिलाच नव्हता. रोज हजेरीत तिचं नाव घ्यायची आणि स्वतःच हजर मांडायची. पुढे पुढे दुसरीतली एक तिच्या वतीने "हजर" म्हणायला लागली, तरी मी अडवलं नाही. जन्मभर खोटं बोलणाऱ्यांचे कान पिळले आणि शेवटी हे शिकवलं.

स्वयंपाकवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, झाकली मूठ किती दिवस ठेवाल?" त्यांचं पोट याच शाळेवर आहे, तरी म्हणाल्या.

परवा चिमणीचा फोन आला. "आत्या, इथल्या बाई हजेरीत माझं नावच घेत नाहीत. वहीपण तपासत नाहीत. मी काही केलंय का?"

"नाही गं," एवढंच म्हटलं. पुढचं तुला लिहितेय. दाखल्यावाचून तिकडच्या पटावर नाव चढत नाही; पोरीला मी अडकवून ठेवलं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

दाखला सोबत आहे. वर्तणूक उत्तम लिहिलीय, ते खरं आहे. वरच्या कचेरीत कालच नऊचा पट कळवला. महिनाअखेर कुलूप लागेल. पलीकडच्या गावची शाळा नऊ किलोमीटरवर. दुसरीतल्या दोघींच्या आया म्हणतात, एवढ्या लांब कोण सोडणार, राहू देत घरीच.

आज तिचं नाव वगळून पुढे गेले. दुसरीतली सवयीने "हजर" म्हणाली आणि सगळी माझ्याकडे बघत बसली.

चिमणीला सांग, तिकडे नाव घेतलं की मोठ्याने ओ दे.

तुझी ताई,
महिनाअखेरपर्यंत मुख्याध्यापिका