टबातलं आरमार

थॉर्नकॉट, २६ जून १८३७

चि. बार्नबी यास हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझा आंघोळीचा टब सरकारजमा झाला आहे. वैधव्याची अकरा वर्षं ज्या एका सुखावर काढली, तो तांब्याचा टब तुझे थोरले बंधू, खासदार पेरेग्रीन थॉर्नकॉट यांनी डोलकाठी ठोकून तळ्यात सोडला. ते आता त्यांच्या आरमाराचं मुख्य जहाज. दर रविवारी चर्च सुटलं की तळ्यात लुटुपुटीची लढाई: कुळांनी फ्रेंच व्हायचं आणि हरायचं. परवा फ्रेंच कमी पडले म्हणून मला एका होडीत चढवलं. मी रिवाजाप्रमाणे बुडाले.

पाणचक्कीवाल्या एनॉक टिबलने मला काठीने ओढून काढलं, स्वतःचे कोरडे लोकरी मोजे दिले आणि म्हणाला, बाईसाहेब, या पाण्याने निदान कुणीतरी भिजलं, माझं चाक महिनाभर कोरडंच आहे. तळ्यासाठी ओढाच वळवलाय ना.

आता राजे वारले, निवडणूक आली. एनॉक पेरेग्रीनच्या विरुद्ध मत देणार म्हणतो. मत म्हणजे उमेदवाराचं नाव चारचौघांत, मालकाच्या तोंडावर मोठ्याने घ्यायचं असतं. त्याचा भाडेपट्टा सप्टेंबरात संपतो, आणि पेरेग्रीनने बजावलंय की विरुद्ध बोललास तर चक्कीबाहेर. तीन पिढ्यांची चक्की रे. बारा वर्षं संसदेत बसून आपल्या भावाने एकच भाषण केलं, प्रवचनात कावकाव करणाऱ्या कावळ्यांविरुद्ध. जिंकले कावळेच.

वकीलसाहेब, काही सुचतं का? खासदाराच्या सहीने टपाल फुकट जातं, म्हणून हेही त्याच्याच सहीने येतंय. रोज सकाळी मी गठ्ठा पुढे ठेवला की त्याचा डोळा दुर्बिणीला आणि हात कागदावर. वाचत काही नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


लिंकन, १ जुलै

ती. हेस्टरताईस बार्नबीचा शि. सा. न.

लहानपणी दादा मला फ्रेंच करून कपाटात कोंडायचा. चाळीस वर्षांत त्याची प्रगती एवढीच की कपाटाचं तळं झालं.

कायद्याने इलाज नाही. मालक तो. त्याने स्वतः सही केली तरच. गंमत म्हणून एनॉकच्या नावे एकवीस वर्षांचा पट्टा लिहून पाठवतोय. ओढ्याच्या पाण्याचं कलमही घातलंय, जागा रिकामी ती फक्त सहीची. वाच आणि फाडून टाक, कारण न वाचता सही करील असा माणूस राज्य चालवायला कोण पाठवेल? साक्षीदार मात्र शहाणाच लागतो असं नाही. शेजारी उभा असला की पुरे.

सर्दी सांभाळ. धाकट्यावर लोभ आहे तसाच ठेव.
बार्नबी


थॉर्नकॉट, ५ ऑगस्ट

चि. बार्नबी यास अनेक आशीर्वाद.

पेरेग्रीन नऊ मतांनी पडला. आरमारी टोपी घालून मतदानाच्या मंचासमोर खुर्ची टाकून बसला होता, एकेका कुळाच्या तोंडाकडे बघत. एनॉक टोपी काढून मंचावर चढला. त्याने विरुद्ध बाजूचं नाव इतकं हळू घेतलं की कारकुनाने पुन्हा विचारलं. मग तो ओरडलाच, आणि वळून म्हणाला, मालक, आता तरी आलं ना ऐकू?

पट्ट्याविषयी त्याला मी अवाक्षर बोलले नव्हते. बोलले असते तर ते मत त्याचं उरलं नसतं.

पट्ट्यावर सही नऊ जुलैलाच झाली, टपालाच्या गठ्ठ्यातल्या चौदाव्या कागदावर. मध्येच थांबून पेरेग्रीन म्हणाला, आज पत्रं फार दिसतात. मी म्हटलं, लोकप्रिय माणसाला असायचीच. पुढची सही त्याने आणखी लफ्फेदार केली. साक्षीला मी होतेच.

सोमवारी कारभारी एनॉकला चक्की सोडायची नोटीस द्यायला जाणार आहे. जाऊ दे, पायी जायला हवा छान आहे. टब अजून तळ्यातच.

आठवण येईल तेव्हा चार ओळी लिही, न येईल तेव्हा सहा.
तुझी ताई

ता. क. एनॉकचे मोजे परत करायचे राहिले होते. धुऊन, टाचा रफू करून आज सकाळी चक्कीच्या पायरीवर ठेवले. उजव्या मोज्यात कागद आहे.