माशांच्या जागी बसलेल्या बायका

नौबाद, बीदर
रविवार दुपार

प्रिय शोभाअक्कास,
धाकट्या मंगलचा सप्रेम जयभीम.

“विहिरीत बघायचं तर पोटावर पडून बघा, हुबं राहून न्हाई,” असं अप्पा म्हणाले होते. मुडबीच्या आपल्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी. तू परकरात होतीस आणि मी तुझ्या कडेवर, म्हणजे हे मला तूच सांगितलेलं. पण पुढे कितीतरी वर्षं आपण दोघी तशाच पालथ्या पडून मासे बघायचो, ते मात्र मला माझं आठवतं. आता तेच अप्पा काठी टेकून, उभ्याने वाकून बघायला लागले म्हणून तू त्यांचं विहिरीवर जाणं बंद केलंस. बरोबर केलंस. मी असते तरी तेच केलं असतं. पण त्यानंतर ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात आणि विचारलं तेवढंच बोलतात, हे तू फोनवर सहज बोललीस, ते माझ्या मनातून हलेना.

तुझा गुडघा कसा आहे? अप्पा भाकरी पुरी खातात का? म्हैस व्याली का? (फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा कागद.)

तर अक्का, मी ठरवलं की अप्पांना विहिरीवर जाता येत नाही तर विहीर घरात आणायची. सहा फूट लांब माशांची टाकी. अप्पांना आठ दिवस इकडे पाठव, खाटेवर बसून समोरच आडवी विहीर बघतील, पडायची भीती नाही. राजपालला हे एकदम पटलं. (मामासाठी त्याला काहीही पटतं, बायकोसाठी कारणं द्यावी लागतात.) पण टाकी काचेची की ॲक्रिलिकची, यावर आमच्या घरात जी फूट पडली ती अजून पुरती सांधलेली नाही. मी काचेची बाजू घेतली, राजपालने ॲक्रिलिकची. तो गणिताचा मास्तर. म्हणाला, आपण माडीवर राहतो, काच जड, ॲक्रिलिक निम्म्या वजनाचं, विषय संपला. दुकानदार वीरेशसमोरही त्याने हेच मोठ्या आवाजात मांडलं. वीरेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, पाणी बी ॲक्रिलिकचं भरणार हाव का?”

घरी आल्याबरोबर राजपालने वही काढली. मग त्याने हिशेब केला, आणि त्याच्या लक्षात आलं की टाकी कशाचीही घेतली तरी पाण्याचंच ओझं एवढं आहे, की आधी जमीन ते पेलते का हे बघायला पाहिजे. कसं बघायचं? तर तेवढ्या वजनाची माणसं त्या कोपऱ्यात बसवून. मला हे आधी सांगितलं असतं तर मी थांबवलं असतं. (थांबवलं नसतं. मला उत्सुकता होती.) विहारातल्या वंदनेनंतर बायकांना चुरमुऱ्यांच्या सुसल्याला आणि चहाला घरी बोलावलं आणि सतरंजी नेमकी त्या कोपऱ्यात अंथरली. राजपाल दारात उभा राहून हसतमुखाने प्रत्येकीचं स्वागत करत होता आणि मनात वजन धरत होता. सगळ्या बसल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “वरची वीतभर अजून रिकामी हाय.” तेवढ्यात त्याच्या शाळेतल्या नेत्रावती टीचर आल्या आणि टाकी काठोकाठ भरली.

सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण आपली आत्या सासू म्हणून जशी गोड आहे तशीच खरं बोलणारी आहे. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “बसा गं बायांनो, निवांत बसा. माशांच्या जागी बसलाव तुम्ही.” मग सविस्तर सांगितलंही. नेत्रावती टीचरनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, “सर, माझे किती मासे धरले?”

राजपालला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण खालून घरमालक ईरण्णा वर आले. “ताई, समदे एका कोपऱ्यात कामून बसलेत? खाली माझा पंखा झुलायलाय.” त्यांना खरं सांगावंच लागलं. भला माणूस, दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने एका भिंतीवर हात मारून सांगितलं की खाली तुळई आहे, टाकी इथंच ठेवायची. ईरण्णा म्हणाले, “मधी ठिवू नका बघा. उद्या मासे माझ्या ताटात पडले तर आमच्यात ते चालत न्हाई.”

जागा ठरली, काच-ॲक्रिलिक राहिलंच. वीरेशने दोन्हीचे हातभर तुकडे दिले होते, ते मी मोरीपाशी ठेवले. आत्याला वाटलं, खरकटं आहे. तिने राख आणि काथ्या घेऊन दोन्ही मन लावून घासले. (भांडी घासायची पावडर आणलेली तिला अजून पटत नाही.) काच होती तशी निघाली. ॲक्रिलिक मात्र अप्पांच्या ऑपरेशनच्या आधीच्या डोळ्यासारखं पांढुरकं झालं. राजपाल म्हणाला, ओरखडे पालिशने जातात. आत्या म्हणाली, “मग तू पालिश करायचं, मी घासायचं. दोघांला बी काम हाय.”

तरी राजपाल हटेना. ॲक्रिलिक स्वच्छ दिसतं, काच कडेला हिरवट दिसते, हा त्याचा शेवटचा मुद्दा. वीरेशही म्हणाला की हिरवटपणा नको असेल तर भारीतली पांढरी काच मिळते. मी तुकडा उजेडात धरला. अक्का, तो रंग मला ओळखीचा होता. आपण पालथ्या पडायचो तेव्हा खाली दिसायचा तोच. मी म्हटलं, हिरवीच द्या. राजपालने तुकडा माझ्या हातातून घेतला, तोही उजेडात धरला आणि वीरेशला टाकीची मापं सांगायला लागला. हा मुलगा लहानपणी तिसरा पालथा पडायचा, हे मी विसरलेच होते.

टाकी आली आहे. पाणी भरलं आहे. पंखा झुलत नाही. अप्पांना आठ दिवस पाठव, एवढंच मागणं.

तुझी,
मंगल

ता. क. मासे सोडले. आत्या आधी म्हणाली, खायचे न्हाईत तर पाळायचे कामून. आता जेवायला टाकीसमोरच बसते आणि जो काळा मासा खायला उशिरा येतो त्याला “ये की गुंडू” म्हणून रागावते. भावाचं नाव एवढ्या मायेने तिने अप्पांच्या तोंडावर कधी घेतलेलं मला आठवत नाही.

ता. क. वर आठ दिवस लिहिलं आहे ते धरू नकोस. अप्पांना माझ्याकडे राहायलाच पाठव.

ता. क. हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतं आहे. “अप्पाला नेऊन मला म्हशीसंगं बोलायला ठिवायलीस व्हय.” ते बरोबरच आहे. म्हणून टाकीसमोर दोन खाटा टाकल्या आहेत. म्हैस शेजारच्या अरुणकुमारकडे वाट्याने दे, आणि अप्पांबरोबर तूही ये, राहायला. न्हाईच म्हणशील, ठाऊक आहे मला. पण लगेच म्हणू नकोस. चार दिवस थांबून म्हण.