चारशे बारा वेळा चमकलं

३ मार्च, दुपारी १२
आजपासून रोज नोंद. पाल्हाळ नाही, फक्त निरीक्षणं. पेशीच्या आवरणात एक चॅनल असतं. ते उघडून कॅल्शियमचे आयन आत शिरले की आत सोडलेला रंग लेसरखाली क्षणभर चमकतो. आठ वर्षं त्याचीच वाट बघतोय. आज अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि उजव्या कडेला चमकलं. सात वेळा!

४ मार्च
एकोणीस वेळा. कॅमेऱ्यात काहीच आलं नाही. कॅमेरा जुना आहे. टेक्निशियन बाईंनाही दिसलं नाही. त्यांचा चष्मा जुना आहे.

७ मार्च
मान झटकन वळवली की हमखास चमकतं. म्हणजे चॅनल धक्क्यालाही दाद देतं. एका चॅनलवर दोन पेपर.

८ मार्च, सकाळी ११
छत्तीस वेळा. मग बाई म्हणाल्या, "सर, लेसर सकाळपासून बंद आहे."
लेसरशिवाय रंग चमकत नाही, हे त्यांना मीच शिकवलंय. तरी चमकलं. स्वयंप्रकाशी चॅनल! कुठे बोलू नका म्हणून बजावलं. त्यांचा चेहरा उतरला. मत्सर, दुसरं काय.

१० मार्च
मेहुणा जेवायला आला होता. डोळ्यांचा डॉक्टर. हिने लगेच चुगली केली की मी दाराच्या चौकटीला धडकतो आणि नसलेल्या माशा हाकलतो. त्याने घास खाली ठेवला, उद्याच दाखवा म्हणाला. पेशंट कमी पडत असणार. महिनाअखेरीस परिषदेत हा शोध मांडायचाय, ते झाल्यावर बघू, म्हटलं.

१२ मार्च
एकूण ४१२. उजवीकडून काळी सावली वर चढतेय. भिंगाला बुरशी. बाईंकडून तीनदा पुसून घेतलं. घरी आलो तर सावली ताटातही होती. जरा भीती वाटली. ते इथे लिहायचं कारण नाही.

१३ मार्च
सकाळपासून एकदाही चमकलं नाही. अर्धी बाई दिसते.

१९ मार्च
पालथा पडून लिहितोय. असंच झोपायचं आहे. मेहुण्याने ऑपरेशन केलं. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. नजर परत येईल असं तो म्हणत नाही. ही दुसऱ्या खोलीत जाऊन रडते.
कधीपासून चमकत होतं, असं त्याने विचारलं. पेशंटना म्हणे नक्की सांगता येत नाही. मी ही वही पुढे केली. त्याने सगळी वाचली, मग परत पहिल्या पानावर आला.
"भावोजी, या दिवशी आला असतात तर लेसरचं दहा मिनिटांचं काम होतं."
नोंदी अचूक आहेत, एवढं मात्र त्याने मान्य केलं.