पीपीएफची पंधरा वर्षं संपताना

३ मार्च
ऑफिसात टॅक्सचं विचारलं, जुनी पद्धत की नवी. अकाउंट्सच्या नेहाने हिशेब करून दाखवला. नव्या पद्धतीत मला टॅक्सच नाही. "ताई, गुंतवणुकीचे पुरावे आता नकोत." दर मार्चला पीपीएफची पावती जोडत आले, टॅक्स वाचवायला. खातंही याच महिन्यात पुरं होतंय. हायसं वाटायला हवं होतं.

८ मार्च
हे पहिल्या पाळीवरून आले. कंपनीतल्या केमिकलने हातांची सालं पुन्हा निघाली आहेत. जेवताना म्हणाले, "गावचे, माहीमचे काका पानवेलीची वाडी कसायला देतायत. मी करू?"
"आणि पैसे?"
"तुझं खातं सुटतंय ना."
राग आला. लेकीच्या, तन्वीच्या कॉलेजचे आहेत ते. हातांकडे बघत राहिले.

१६ मार्च
बोईसर पोस्टात. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बंद करायलाच हवं असं नाही. तसंच ठेवलं तरी व्याज चालू, त्यावर टॅक्स नाही. वर्षातून एकदा हवे तेवढे काढता येतात. पुढेही भरायचं असेल तर मात्र वर्षाच्या आत लिहून द्यायचं.
मला वाटत होतं, सगळे काढावेच लागतात.
ह्यांना अजून सांगितलेलं नाही. का, कोण जाणे.

२२ मार्च, रवि.
माहीम. काकांनी वेल बांधायला शिकवलं. हे तासभर वाकून, वर तोंड चालूच. तन्वी हळूच, "आई, बाबा किती बोलतायत बघ." घरी एवढे बोलत नाहीत.
सासूबाई: "गो, तुमचा काय ठरला?"
परतताना रिक्षात पोस्टातलं सगळं सांगून टाकलं.
"म्हणजे थोडे काढायचे, बाकीचे ठेवायचे म्हणतेस?"
"अजून काय म्हणत नाय."
हे हसले.

२ एप्रिल
खातं पुरं झालं. पगार झाल्यावर सवयीने भरायला गेले, मग आठवलं. आता टॅक्ससाठी नाही भरायचं, तर कशासाठी? तन्वीसाठी. माझ्यासाठीही थोडं? हे कधी मनातच आलं नव्हतं.

९ एप्रिल
ह्यांनी नोकरी सोडली नाही, रजा टाकलीय. "करून बघतो. नाय जमला तर पाळी हायच." तन्वीच्या पैशाला हात लावायचा नाही, हे त्यांनीच आधी म्हटलं. पहिल्या वर्षाचं खत-मजुरी निघेल एवढे काढायला माझी ना नाही. पण हे अजून त्यांना तोंडाने सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल
संध्याकाळी माहीमहून ह्यांचा फोन. "पाठ मोडली गो. शनिवारी येतेस ना?"
"येते."
पैशांचं त्यांनी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.