अर्धं घर दयाचं

पाथर्डी, ता. ५ मार्च १९७३

धाकट्या दयाला आक्काचा सलाम. अ. आ. वि. वि.

तुजं कार्ड पोचलं. मिशनची कमिटी दुष्काळातल्या वीस बेघर कुटुंबांना श्रीगोंद्यात घरं बांधून देनार आन त्यात तुमचं नाव लागलं, हे वाचून आनंद झाला. किती झाला ते इचारू नको. दोन खोल्या, वर कौलं, खिडकीला गज. गज कशाला गं? चोरायला तुमच्याकडं एक गिदोन, आन तुज्या नवऱ्याला कुनी न्हेनार न्हाई, माजा भरवसा हाय. माजे मालक वारल्यापासून आठ वर्सं मी पत्र्याखाली भाजते, मला कुटल्या कमिटीनं इचारलं न्हाई.

तुमी ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत पडलाय आन हितं माजी मागली खोली रिकामी. गेल्या साली चार म्हैने ऱ्हायलात, तवा काय कमी केलं? पन गिदोनच्या मिशीला मेव्हनीचं घर टोचतं.

शनवारी कमिटीचे आमोस मास्तर चौकशीला आलते. तुज्या नावापुढं बेघर असं वाचलं त्यांनी. माज्या अंगाचा तिळपापड झाला. ठनकावून सांगितलं की बेघर म्हनू नका, ह्या घरातलं अर्धं माज्या बहिनीचंच हाय. त्यांनी सगळं वहीत लिवून घेतलं, चहा पिऊन गेले. बघ, तुजी शान राखली.

पोरीला पापा दे, आन आक्काला इसरू नको.
तुजी मरियम

श्रीगोंदा, ता. १३ मार्च १९७३

आक्काला सा. सलाम, वि. वि.

तू राखलेल्या शानीचं फळ मिळालं. परवा मिशनच्या देवळाच्या दारावर यादी लागली. आमचं नाव खोडलंय, फुडं लिवलंय की पाथर्डीत निम्मं घर हाय. आपापला पाया आपुनच खनायचा असा कमिटीचा नेम हाय. गिदोननं गुडघाभर खनला हुता. तवापासून कुदळ ठेवून बसलाय.

तोड संपत आली. मळ्याचे मालक आप्पासाहेब सांगून गेले की म्हैनाअखेर कोपी उचला. मार्थाला खोकला लागलाय, तिला घिऊन कुटं जाऊ?

२९ तारखेला नगरला कमिटी बसनार हाय. मास्तर म्हनले की थोरल्या बहिनीनं सोता येऊन, घर आपल्या एकटीचं हाय असं सांगितलं तर नाव परत लागंल. न्हाई तर जागा दुसऱ्याला. हात जोडते, जा.

तुजी पाठची,
दया

पाथर्डी, ता. १८ मार्च १९७३

दयाला सलाम. अ. आ. वि. वि.

मी खोटं काय बोलले? बोललं ते खरं करते. या, अर्धं घर घ्या. कमिटीचा एक पाया वाचंल आन मास्तरांची वही खोटी पडनार न्हाई. पोरीचा खोकला मी अडुळशाच्या काढ्यानं आठ दिवसांत पळवते.

शेजारची बनुबाई म्हनती, की मी जळते. तिला सांगितलं, की मी जळायला लागले तर पैला धूर तिच्या घरात जाईल. आन एसटीत मला मळमळतं, नगर कुटं, मी कुटं. इचार करून कळव.

मार्ग बघनारी,
मरियम

श्रीगोंदा, ता. २२ मार्च १९७३

आक्काला सा. सलाम.

गिदोनच्या मिशीला उगीच बोल लावू नको. तुज्या घरातनं मीच उठून आले. चार म्हैन्यांत तू एक दिवस मला चुलीपुढं बसू दिलं न्हाई. भाकरी तू थापायची, मीठ तू घालायची. माज्या लेकीला भूक लागली की ती तुज्याकडं तोंड करून बघायची. तू मायेनंच केलंस, त्यात कसूर न्हाई. पन मला माजी चूल पायजे.

जळतीस तर जळ, मी वाईट मानत न्हाई. तेवढं २९ ला जा.

दया

पाथर्डी, ता. ९ एप्रिल १९७३

दयाला सलाम. अ. आ. वि. वि.

गेले बाई. एसटीत दोनदा वकले. कमिटीचे सात बाप्ये टेबलामागं बसले हुते, जसं काय माजं लगीन ठरवायला आलेत. जबाब दिला की घर माज्या एकटीच्या नावावर हाय. बहीन चार म्हैने ऱ्हायली, पन मी तिला त्यात जागा दिली न्हाई. एका म्हाताऱ्यानं इचारलं, मंग मास्तरांना उलटं का सांगितलं? म्हनलं, तिला घर मिळतंय ते मला बघवलं न्हाई. सई केली, चौथीपातूरची शाळा कामाला आली.

तुमचं नाव परत लागलं. गिदोनला म्हनावं, कुदळ उचल. तुमच्या आप्पासाहेबांना कमिटी चिठी देनार हाय, घर हुईस्तवर कोपी हलवायची न्हाई.

पन एक नेम निघाला. जबाब माज्या देवळात वाचायचा, कुनाची हरकत असंल तर कळावी म्हनून. पाळकसाहेब भले, म्हनले की त्या दिवशी घरी ऱ्हायलात तरी चालंल. मी न्हाई ऱ्हायले. लोकांना माना वळवायचा तरास नको म्हनून काल फुडल्याच सतरंजीवर बसले. माजा जबाब माज्याच गावाला वाचून दावला. बनुबाई इतकी खूश, तिला आमेन म्हनायचं भान ऱ्हायलं न्हाई.

मंग पाळकांनी तीनदा इचारलं, कुनाची हरकत हाय का. दोनदा कुनी हाललं न्हाई. तिसऱ्या येळी माजंच त्वांड उघडाय लागलं, दये. पदराचा बोळा करून दातात धरला, आन आमेन हुईस्तवर सोडला न्हाई.

माया पातळ करू नको.
तुजी जळकी आक्का,
मरियम