ताईत उमटलेला फोटो

परंडा, ९ फेब्रुवारी १९६२

उस्मानाबादच्या डॉक्टरसाहेबांना जलील टेलरचा सलाम.

माझ्या बायकोच्या, गुलबानोच्या, छातीचा फोटो देऊन तुम्ही आम्हाला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. ती वाचली न्हाय. आता फोटो दवाखान्याचा हाय, परत आणा, असं तुमचं दुसरं पत्र आलं. फोटो एसटीत हरवला, असं मी कळवलंय. ते खोटं हाय. हे खरं पत्र, पण टपालात टाकणार न्हाय.

साहेब, तुमच्याकडं असले फोटो कपाटभर हायत. माझ्याकडं तिचा हा एकच. लग्नापासून तिनं कधी फोटो काढू दिला न्हाय. तुमच्या मशीनपुढंसुद्धा तिनं आधी विचारलं, "तोंड येतंय का त्यात?" न्हाय म्हटल्यावरच उभी राहिली. गळ्यातला ताईत काढायचा राहिला, म्हणून तुम्ही लई रागावला होता. तोच ताईत फोटोत पांढरा उमटलाय. त्यावरनंच ती मला ओळखू येते.

रोज दुपारी दुकानाच्या खिडकीशी मी फोटो उजेडात धरतो. डाग कुठं हाय, ते तुम्ही बोटानं दाखवलं होतं. तेवढ्या जागेवर मी बोट ठेवतो, अन् उरलेली गुलबानो बघत बसतो.

तुमचा गुन्हेगार,
जलील